ॲडिरॉन्डॅक : नकाशांतून दिसत गेलेले रान

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या ईशान्य भागात ॲडिरॉन्डॅक हा डोंगराळ अरण्यप्रदेश आहे. पूर्वेला शॅम्प्लेन आणि जॉर्ज ही लांबट सरोवरे, उत्तरेला सेंट लॉरेन्स नदी, दक्षिणेला मोहॉक नदीचे खोरे अशी त्याची नैसर्गिक चौकट आहे. आज या प्रदेशातील सुमारे ६० लाख एकर, म्हणजे जवळपास २४,००० चौरस किलोमीटर भूभाग ‘ॲडिरॉन्डॅक पार्क’ म्हणून ओळखला जातो. पुणे जिल्ह्याच्या दीडपट एवढा हा विस्तार. न्यूयॉर्क शहरातून मोटारीने निघालेला माणूस पाच तासांत त्याच्या मध्यभागी पोहोचतो.

इतक्या जवळच्या या रानाचा विश्वासार्ह नकाशा मात्र फार उशिरा तयार झाला. लुइस आणि क्लार्क यांची मोहीम १८०५ मध्ये अमेरिका खंड ओलांडून पॅसिफिक किनाऱ्याला पोहोचली, तेव्हा ॲडिरॉन्डॅकमधल्या सर्वोच्च शिखराला नावसुद्धा नव्हते. न्यूयॉर्क शहर ज्या हडसन नदीच्या मुखाशी वसले, तिचे सर्वांत उंचावरचे उगमतळे १८७२ मध्ये निश्चित झाले. नाईलच्या उगमाशी असलेले व्हिक्टोरिया सरोवर त्याआधी दशकभर युरोपीय नकाशांवर आले होते. नकाशा काढणारे अडीचशे वर्षे या डोंगरांच्या कडेकडेने फिरत राहिले. आतल्या भागात त्यांनी वेळोवेळी जे रेखाटले ते बहुधा त्या काळी ज्याला जे हवे होते ते होते : कोणाला बीव्हरची कातडी, कोणाला विकाऊ जमीन, कोणाला लोखंड, कोणाला सुट्टीची सहल.

हे रान अवघड आहे ते उंचीमुळे नव्हे. सर्वांत उंच शिखर माउंट मार्सी १,६२९ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सतरा मीटरने कमीच. शिवाय हे डोंगर शेजारच्या ॲपलेशियन रांगेचा भागही नाहीत. कॅनडातल्या अतिप्राचीन खडकाचाच हा दक्षिणेकडे आलेला तुकडा आहे. खडकाचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक, पण त्याला घुमटासारखा फुगवटा आला तो भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी अलीकडे. त्यामुळे पाणी सगळ्या दिशांना वाहते : काही दक्षिणेला हडसनमध्ये, काही पूर्वेला शॅम्प्लेन सरोवरात, काही उत्तरेला सेंट लॉरेन्सकडे. नदीच्या काठाने आत शिरावे आणि डोंगर ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरावे, हा प्रवाशांचा नेहमीचा ठोकताळा इथे उपयोगी पडत नाही. त्यात हिमयुगातल्या हिमनद्यांनी जुने उतार खरवडून, दऱ्यांची तोंडे दगडगोट्यांनी बुजवून ठेवली. पाणी अडले, पसरले. परिणामी तीन हजारांच्या आसपास तळी-सरोवरे आणि मोजता न येण्याजोग्या पाणथळ जागा. मधल्या उतारांवर स्प्रूस आणि बाल्सम फर यांचे इतके दाट गचपण की दहा पावले पुढचे दिसू नये. हिवाळ्यात माणूसभर बर्फ, आणि बर्फ वितळून हवा जरा सुखाची होते न होते तोच चावऱ्या काळ्या माश्यांचे थवे. अशा जागी मोजणीची साखळी पसरायची म्हणजे काय, याची कल्पना करता येईल.

युरोपीय दृष्टीला हे डोंगर प्रथम लांबून दिसले. १५३५ च्या ऑक्टोबरात झाक कार्तिए आजच्या माँट्रियलच्या टेकडीवर चढला, तेव्हा दक्षिण क्षितिजावरच्या रांगा त्याच्या नजरेस पडल्या. १६०९ मध्ये साम्युएल द शॅम्प्लेन स्थानिक मित्रजमातींबरोबर होडीने त्याच्याच नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या सरोवरात उतरला. त्यानंतरच्या फ्रेंच नकाशांत सरोवर आहे, नद्यांची तोंडे आहेत, पश्चिम किनाऱ्यामागे डोंगरांची चिन्हे आहेत. पुढच्या दीडशे वर्षांत हीच रीत कायम राहिली. इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात लढाया झाल्या त्या जलमार्गांसाठी. म्हणून किल्ले, धक्के, वळणे, खडक या सगळ्यांसह जलमार्ग बारकाईने रेखाटले गेले आणि काठापासून एका दिवसाच्या वाटेवरचे रान कोरे राहिले. सैन्याला जिथे तोफ नेता येत नव्हती, तिथे सैन्याच्या नकाशालाही काम नव्हते.

कोरे म्हणजे निर्मनुष्य असे मात्र समजू नये. दक्षिणेकडून मोहॉक, उत्तरेकडून अबेनाकी आणि अल्गोंक्विन भाषिक लोक शिकारीसाठी या रानात पिढ्यान्‌पिढ्या येत होते. होडी कुठे पाण्यात घालायची, कुठे खांद्यावर घेऊन पुढच्या तळ्यापर्यंत चालायचे, हे त्यांना पाठ होते. त्यांचा नकाशा डोक्यात होता आणि तो कागदावर उतरवून देण्याची त्यांना काही गरज नव्हती.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजी नकाशांवर या कोऱ्या जागेत एक लांबलचक शब्द दिसू लागतो. त्याचा उच्चार साधारण ‘कूक्साक्रागा’ असा होतो, स्पेलिंगे मात्र नकाशागणिक वेगळी. शब्द मोहॉक भाषेतून आलेला. काही नकाशांवर त्याच्यापुढे बीव्हरच्या शिकारीचा मुलूख असा खुलासा आहे. फिलाडेल्फियाच्या लुइस एव्हान्सने १७५५ मध्ये मध्य वसाहतींचा नकाशा प्रसिद्ध केला होता. मॅसॅच्युसेट्सचा माजी गव्हर्नर टॉमस पाउनल याने १७७६ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती काढली आणि सोबतच्या वर्णनात या शब्दाचा अर्थ भयाण, उदास अरण्य असा लावला. तिथला मूळ रहिवासी या रानाबद्दल काही सांगत नाही, याची पाउनलने दोन कारणे दिली. एक तर त्यालाच फारसे ठाऊक नसावे, किंवा ठाऊक असूनही युरोपीयांना कळू न देण्याचा शहाणपणा तो करत असावा. यातले दुसरे कारण अधिक खरे वाटते. एकच शब्द, पण एकाच्या लेखी ती भरलेली शिकारभूमी आणि दुसऱ्याच्या लेखी ओसाड वैराण. त्याच सुमाराच्या आणखी काही नकाशांवर, डोंगर, दलदल आणि बुडीत जमिनीमुळे हा मुलूख ओलांडता येत नाही आणि इथे वस्ती नाही, अशा आशयाच्या ओळी छापलेल्या आढळतात. नकाशाकाराला जागा भरायची असली आणि भरायला माहिती नसली की तो अक्षरे लिहितो.

बुडीत जमिनीचा उल्लेख मात्र अचूक होता, आणि त्यामागे मोठा हात बीव्हरचाच. हा उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातला मोठा प्राणी झाडे कुरतडून ओढ्यांवर बांध घालतो, मागे तळे साचते, झाडे उभ्या उभ्या मरतात. काही वर्षांनी बीव्हर निघून गेले की बांध फुटतो आणि तळ्याच्या जागी गवताळ कुरण राहते. म्हणजे नकाशात आज दाखवलेले तळे वीस वर्षांनी तिथे असेलच असे नाही. युरोपात बीव्हरच्या लोकरीच्या टोप्यांची चलती असताना त्याची बेसुमार शिकार झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपूर्ण राज्यात तो जवळजवळ नामशेष झाला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी बाहेरून काही जोड्या आणून सोडल्या गेल्या, त्यांची वंशवेल पुन्हा पसरली आणि नकाशे पुन्हा चुकू लागले.

१७७१ च्या दोन कागदांची तुलना उद्बोधक आहे. त्या वर्षी मूलनिवासी जमातींशी व्यवहार पाहणाऱ्या खात्यातील गाय जॉन्सनने इरोक्वॉय संघाच्या सहा राष्ट्रांच्या मुलखाचा नकाशा काढला आणि त्यात नोंदवले की न्यूयॉर्कची हद्द इथे अजून पक्की झालेली नसल्याने हा भाग मोहॉक लोकांचाच आहे. नेमक्या त्याच सुमारास जोसेफ टॉटन आणि स्टीफन क्रॉसफील्ड या न्यूयॉर्कमधल्या दोघा जहाज-बांधणीकारांच्या नावे या जमिनीच्या खरेदीची हालचाल सुरू होती. व्यवहारामागचे खरे सूत्रधार होते जेसप बंधू, टॉटन-क्रॉसफील्ड ही नावे केवळ पुढे केलेली. १७७२ मध्ये सौदा पुरा झाला. क्षेत्र सुमारे साडेअकरा लाख एकर.

इथून रानाच्या नकाशावर एक नवीच आकृती उमटते : चौकोन. आर्चिबाल्ड कॅम्पबेल या मोजणीदाराने बाहेरच्या काही हद्दी जंगलात आखल्या आणि आतला सगळा भाग कागदावर क्रमांक दिलेल्या टाउनशिपांमध्ये वाटला गेला. हे चौकोन उत्तर-दक्षिण रेषेत नसून तिरके आहेत. आजही न्यूयॉर्क राज्याचा तालुकावार नकाशा पाहिला तर मध्य ॲडिरॉन्डॅकमधल्या हद्दी कललेल्या दिसतात, तो कल १७७२ चा आहे. क्लोद जोसेफ सोतिए याने केलेला न्यूयॉर्क प्रांताचा मोठा नकाशा १७७९ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. त्यात काउंट्या, मॅनर, पट्टे, टाउनशिपा यांची अशीच दाटी आहे. ज्या डोंगरांवर कोणी चढले नव्हते, ते वाटून झाले होते.

अमेरिका स्वतंत्र झाल्यावर हा उद्योग थांबला नाही, उलट वाढला. १७९१ मध्ये अलेक्झांडर मॅकोम याने उत्तर आणि वायव्य उतारांसह ३६ लाख एकरांहून अधिक जमीन एकरी आठ पेन्स दराने घेण्याचा करार केला. वर्षभरात सट्टा कोसळला आणि मॅकोम कर्जापायी तुरुंगात गेला. राज्याचे सर्व्हेअर जनरल सिमियन डी विट यांचा १८०२ चा राज्याचा नकाशा किंवा डेव्हिड बर यांचा १८२९ चा ॲटलस पाहिला तर हद्दीच्या रेषा ठसठशीत आहेत, पण उंच शिखरांचा समूह ओळखू येत नाही. राज्यातले सर्वांत उंच डोंगर दक्षिणेकडचे कॅट्सकिल असावेत, असाच तेव्हा समज होता.

या रेषा जमिनीवर कशा उमटल्या, हे पाहण्यासारखे आहे. मोजणीचे साधन म्हणजे होकायंत्र आणि गुंटरची ६६ फुटी साखळी. (साखळीच्या निम्म्या लांबीचा, म्हणजे ३३ फुटांचा चौरस म्हणजे आपला गुंठा, त्यामुळे हे माप मराठी वाचकाला तसे परके नाही.) साखळी ओढणारे दोघे, वाट तोडणारे कुऱ्हाडवाले, आणि रेषेवर येणाऱ्या झाडांच्या सालीवर खूण पाडणारा एक. दगड रोवायला वेळ नसे. झाडावरचा घाव हीच हद्द. अडचणी दोन. एक, या भागात चुंबकीय लोहखनिजाचे साठे आहेत आणि त्यांच्याजवळ होकायंत्राची सुई भरकटते. दोन, साखळी उतारावर ताणताना ती आडवी धरायची असते, पण घसरत्या दगडांवर आणि गुडघाभर शेवाळात ती कितपत आडवी राहिली असेल हे सांगायला नको. कुठे दोन मोजण्यांच्या मधे कोणाच्याच नावावर नसलेली पाचरीसारखी पट्टी उरली, कुठे दोन हद्दी एकमेकींवर चढल्या. अशा पट्ट्यांना तिथे ‘गोर’ म्हणतात.

बांधावरची भांडणे आपल्याकडेच पिढ्यान्‌पिढ्या चालतात असे नाही. रॅकेट सरोवराकाठची ‘टाउनशिप ४०’ ही टॉटन-क्रॉसफील्ड खरेदीतली चाळीस क्रमांकाची चौकट. तिथली कोणती जमीन राज्याची आणि कोणती खासगी, हा वाद एकोणिसाव्या शतकापासून चालत आला होता. तो मिटवण्यासाठी २०१३ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागली आणि त्यासाठी सगळ्या राज्यात मतदान घ्यावे लागले.

डोंगरांचा डोंगर म्हणून शोध लागला तो लोखंडामुळे आणि भूशास्त्रामुळे. १८२६ मध्ये एका अबेनाकी माणसाने काही व्यापाऱ्यांना रानातल्या खोल भागात नेऊन लोहखनिजाची मोठी शीर दाखवली. तिथे भट्टी उभी राहिली. धातूत एक हट्टी अशुद्धी येत राहिली, वाहतूक महाग पडली आणि तीन दशकांत सारे बंद झाले. ती अशुद्धी टायटॅनियमची होती. दुसऱ्या महायुद्धात त्याच टायटॅनियमसाठी खाण पुन्हा सुरू झाली.

याच लोखंडी वसाहतीतून १८३७ च्या उन्हाळ्यात एबेनेझर एमन्स यांची तुकडी निघाली. एमन्स भूशास्त्राचे प्राध्यापक होते आणि आदल्याच वर्षी मंजूर झालेल्या राज्याच्या निसर्गविषयक पाहणीत उत्तर विभाग त्यांच्याकडे होता. ५ ऑगस्ट १८३७ रोजी तुकडी सर्वोच्च शिखरावर पोहोचली. वायुभारमापकाच्या वाचनांवरून हे शिखर कॅट्सकिलच्या कोणत्याही डोंगरापेक्षा बरेच उंच असल्याचे स्पष्ट झाले. शिखराला तत्कालीन गव्हर्नर विल्यम मार्सी यांचे नाव दिले गेले, पाहणीला पैसा देणाऱ्या सरकारचा तो मान. पुढच्या वर्षी एमन्स यांनी साऱ्या डोंगरसमूहाला ॲडिरॉन्डॅक हे नाव सुचवले. या शब्दाचा उगम मोहॉकांनी उत्तरेकडच्या शत्रूंना हिणवण्यासाठी वापरलेल्या ‘साल खाणारे’ अशा अर्थाच्या शब्दात सांगतात. म्हणजे शेजाऱ्याने दिलेली शिवी नकाशावर पर्वताचे नाव होऊन बसली.

नावांचा मामला एकंदरीतच गमतीचा आहे. मार्सीचे ‘टाहावस’, ढग चिरणारा, असे एक मूलनिवासी नाव म्हणून पुष्कळ पुस्तकांत येते. प्रत्यक्षात ते न्यूयॉर्कमधले लेखक चार्ल्स फेनो हॉफमन यांनी चालू केले. स्थानिक लोक त्या शिखराला तसे म्हणत असल्याचा पुरावा नाही.

१८६९ मध्ये विल्यम मरे या बॉस्टनच्या धर्मोपदेशकाचे रानातल्या साहसांविषयीचे पुस्तक निघाले आणि त्याच उन्हाळ्यात शहरी लोकांची रीघ लागली. जंगलाचा गंधही नसलेल्या या गर्दीला ‘मरेचे मूर्ख’ असे टोपणनाव मिळाले. त्यांना हवा होता तो वेगळाच नकाशा. रॉचेस्टरचे डॉक्टर विल्यम इली यांनी केलेला आणि कोल्टन कंपनीने छापलेला ‘न्यूयॉर्कच्या रानाचा नकाशा’ मरेच्या पुस्तकाच्या थोडा आधीच बाजारात आला होता. पुढे छायाचित्रकार सेनेका रे स्टॉडर्ड यांच्या मार्गदर्शिका आणि नकाशे वर्षानुवर्षे खपले. या नकाशांत टाउनशिपचे क्रमांक मागे पडतात आणि तळी, ओढे, हॉटेले, वाटाड्यांची घरे पुढे येतात. सगळ्यांत महत्त्वाच्या असतात ‘कॅरी’ : दोन पाण्यांमधली ती वाट, जिथे होडी खांद्यावर घेऊन चालावे लागते. ॲडिरॉन्डॅकच्या वाटाड्यांनी या कामासाठीच एकट्या माणसाला उचलता येईल अशी हलकी, निमुळती होडी घडवली होती. मोहॉक आणि अबेनाकी यांच्या डोक्यातला जो नकाशा शंभर वर्षांपूर्वी कोणाला मागूनही मिळाला नव्हता, तो अशा रीतीने वाटाड्यांमार्फत खिशात मावणाऱ्या घडीवर उतरला.

खऱ्या अर्थाने या रानाची मोजणी केली ती व्हरप्लँक कोल्विन यांनी. जन्म १८४७, ऑल्बनीतल्या सुखवस्तू घरात. शिक्षण वकिलीचे, ओढा डोंगरांचा. १८७० मध्ये त्यांनी एका वाटाड्याबरोबर माउंट सेवर्डवर चढाई केली आणि अहवाल लिहिला. त्यात त्यांचा मुद्दा असा होता : हे जंगल तुटले तर ओढे आटतील, ओढे आटले तर हडसन आणि ईरी कालव्याचे पाणी कमी होईल आणि राज्याचा व्यापार बुडेल. १८७२ मध्ये विधिमंडळाने त्यांना ॲडिरॉन्डॅक सर्वेक्षणाचे प्रमुख नेमले. पहिल्या वर्षाची तरतूद होती हजार डॉलर.

त्याच वर्षी १६ सप्टेंबरला, मार्सीच्या नैऋत्य खांद्यावर, पाऊस आणि धुक्यात कोल्विन आणि त्यांचा वाटाड्या बिल नाय एका इवल्याशा तळ्याशी पोहोचले. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ४,३०० फूट. हे पाणी पूर्वेकडच्या ऑसेबल नदीत जात असेल असे वाटण्याजोगी जागा होती. प्रवाहामागे उतरून पाहिल्यावर ते फेल्डस्पार ओढ्यातून ओपलेसंट नदीत आणि तिथून हडसनमध्ये जात असल्याचे निघाले. कोल्विन यांनी तळ्याचे नाव ठेवले ‘लेक टिअर ऑफ द क्लाउड्स’, ढगांचे आसू. रुक्ष मोजणी अहवालात असली काव्यमय नावे आणि थरारक प्रसंग घालण्याची त्यांना खोडच होती, आणि त्यापायी विधिमंडळातल्या काहींची नाराजीही त्यांनी ओढवून घेतली. पण ते अहवाल आजही वाचले जातात, याचे कारणही तीच खोड आहे.

त्यांची पद्धत त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची. एका मोजलेल्या पायारेषेवरून शिखराशिखरांमधले कोन थिऑडोलाइटने मोजत त्रिकोणांचे जाळे विणत जायचे. भारतात विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळून सुरू केलेले महासर्वेक्षण याच तत्त्वावर चालले होते. ॲडिरॉन्डॅकमधली अडचण अशी की शिखरे झाडीने माखलेली. आधी माथ्यावरची झाडे तोडायची, लाकडी खूणमनोरा उभारायचा, मगच दुसऱ्या माथ्यावरून तो दिसणार. वीस-तीस मैलांवरून मनोरा दिसावा म्हणून कोल्विन यांनी चकचकीत पत्र्यांचे, वाऱ्यावर फिरणारे एक परावर्तक यंत्र बनवले. ते वाऱ्याने फिरत राही आणि उन्हाचे कवडसे दूरच्या थिऑडोलाइटकडे फेकत राही. माथ्यावर माणूस बसवून ठेवायची गरज उरली नाही. शिखरांच्या खडकात त्यांनी ठोकलेले धातूचे बोल्ट अजून सापडतात.

उंचीच्या बाबतीतही वायुभारमापकावर त्यांचे समाधान नव्हते. १८७५ मध्ये त्यांच्या तुकडीने शॅम्प्लेन सरोवराच्या पातळीपासून निघून लेव्हल आणि पट्टी घेऊन टप्प्याटप्प्याने थेट मार्सीच्या माथ्यापर्यंत मोजणी नेली. उंची आली ५,३४४ फूट आणि वर थोडे. आजचा अधिकृत आकडाही ५,३४४ फूटच आहे.

मोजणीचा दुसरा भाग जुन्या हद्दी शोधण्याचा होता आणि तो कदाचित अधिक चिवट होता. शंभर वर्षांपूर्वी कॅम्पबेलच्या माणसांनी झाडावर घातलेला घाव सालीखाली बुजून गेलेला असे. संशयास्पद झाड सापडले की त्याचा ठोकळा कापून काढायचा, घावानंतर वाढलेली कडी मोजायची आणि वर्ष जुळते का पाहायचे. झाड हेच दप्तर. वणव्यात किंवा लाकूडतोड्याच्या कुऱ्हाडीखाली ते झाड गेले की हद्दीचा पुरावाही गेला.

१९०० मध्ये कोल्विन यांचे खाते बंद करण्यात आले. एकसंध, अंतिम असा त्यांचा नकाशा कधीच छापून आला नाही. अठ्ठावीस वर्षे साथ देणारे सहकारी मिल्स ब्लेक शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर राहिले. कोल्विन १९२० मध्ये वारले. खाते बंद झाले तेव्हा राज्याचे गव्हर्नर होते थिओडोर रूझवेल्ट. पुढच्याच वर्षी, १३ सप्टेंबर १९०१ रोजी, उपाध्यक्ष झालेले रूझवेल्ट मार्सीवरून उतरून कोल्विन यांनी शोधलेल्या त्याच तळ्याकाठी जेवायला बसले असताना, गोळी लागलेले अध्यक्ष मॅकिन्ली अत्यवस्थ असल्याची तार घेऊन एक वाटाड्या वर चढून आला.

कोल्विन यांचा नकाशा अपुरा राहिला, तरी त्यांचा युक्तिवाद कायद्यात उतरला होता. लाकूड कंपन्या जमीन घेत, झाडे तोडून नेत आणि कर न भरता जमीन टाकून देत. अशी करबुडवी जमीन राज्याकडे जमत गेली. १८८५ च्या कायद्याने तिला संरक्षित वनाचा दर्जा मिळाला, क्षेत्र सुमारे सात लाख एकर, पण सगळे ठिगळांसारखे विखुरलेले. ही ठिगळे आणि त्यांच्या मधली खासगी जमीन एका हद्दीत आणण्यासाठी नकाशावर निळ्या शाईने एक रेघ ओढली गेली, आणि १८९२ मध्ये तिच्या आतला २८ लाख एकरांचा प्रदेश ॲडिरॉन्डॅक पार्क झाला. ‘निळी रेघ’ हा शब्द आज तिथल्या बोलण्यात पक्का रुजला आहे. रेघेच्या आत की बाहेर, यावर घर कुठे बांधता येईल हे ठरते. १८९४ मध्ये राज्यघटनेतच तरतूद झाली की राज्याच्या मालकीचे हे वन कायम रानच राहील, ते विकता येणार नाही आणि त्यातले लाकूड तोडता येणार नाही. या सगळ्यामागे झाडांवरचे प्रेम थोडे आणि कालव्याच्या पाण्याची चिंता मोठी होती.

रेघ पुढे बाहेर सरकत गेली आणि क्षेत्र दुपटीहून वाढले. तिच्या आतला निम्म्याहून थोडा कमी भाग राज्याचा आहे, उरलेल्या खासगी जमिनीवर गावे, शाळा, लाकडाच्या वखारी आहेत आणि सुमारे एक लाख तीस हजार माणसे राहतात. १९७० च्या दशकात राज्याच्या आणि खासगी अशा दोन्ही जमिनींचे वापरानुसार वर्ग पाडून रंगीत नकाशे करण्यात आले. त्यातला ‘वाइल्डरनेस’ हा वर्ग दहा लाख एकरांहून मोठा आहे आणि तिथे मोटारवाहनाला बंदी आहे. यातले बरेच रान पूर्वी कधी ना कधी तोडलेले किंवा जळलेले होते. अठराव्या शतकात अरण्य म्हणजे नकाशावरचा अज्ञात भाग. विसाव्या शतकात अरण्य म्हणजे नकाशावर हद्द आखून, रंग भरून जाहीर केलेला भाग.

दरम्यान अमेरिकेच्या भूशास्त्र खात्याने १८९० च्या दशकापासून इथली समोच्च रेषांची टोपोशीटे काढायला सुरुवात केली. डोंगर प्रथमच आकारासकट कागदावर आले. ही शीटे हातात घेऊन बॉब आणि जॉर्ज मार्शल हे भाऊ आणि त्यांचा वाटाड्या हर्बर्ट क्लार्क यांनी चार हजार फुटांवरची सगळी शिखरे चढण्याचा चंग बांधला. १९१८ ते १९२५ या काळात त्यांनी ४६ शिखरे पुरी केली. (यातले बॉब मार्शल पुढे १९३५ मध्ये अमेरिकेतील अरण्यरक्षणासाठी स्थापन झालेल्या ‘वाइल्डरनेस सोसायटी’च्या संस्थापकांपैकी एक झाले.) आपल्याकडे गड-किल्ल्यांची यादी पुरी करणारे भटके असतात तसे तिथे ‘फॉर्टी-सिक्सर’ असतात, आणि ती यादी या तिघांची आहे.

पुढे १९५० च्या दशकात नवी, अधिक अचूक मोजणी झाली. तेव्हा यादीतली चार शिखरे चार हजार फूट भरत नाहीत असे निघाले. त्यांची नावे ब्लेक, क्लिफ, नाय आणि कूक्साक्रागा. ब्लेक म्हणजे कोल्विन यांचे सहकारी मिल्स ब्लेक, नाय म्हणजे ढगांच्या आसवापाशी त्यांच्याबरोबर असलेला बिल नाय. साऱ्या मुलखावर एकेकाळी ठळक अक्षरांत पसरलेला कूक्साक्रागा हा शब्द आता या एका शिखरापुरता उरला आहे, आणि ४६ मध्ये ते सर्वांत बुटके आहे, उंची सुमारे ३,८२० फूट. आकडे सुधारले तरी गिर्यारोहकांनी यादी बदलली नाही. चुकलेल्या शीटांवरून ठरलेली तीच यादी आजही पुरी केली जाते. कूक्साक्रागाला जाणाऱ्या पायवाटेवर, माथ्याच्या थोडे अलीकडे, एक दलदल लागते. टाकलेल्या ओंडक्यांवरून पाय घसरला तर माणूस मांडीपर्यंत चिखलात जातो.